चांदीचं औषध

बाळासोच्या छातीतून निघालेली रबरी नळी खाटेखालच्या काचेच्या बाटलीत बुडलेली होती. तो खोकला की बाटलीतलं पाणी बुडबुडायचं, आणि खाटेशेजारी मांडी घालून बसलेली बयाबाई त्या बुडबुड्यांकडं टक लावून बघायची. वॉर्डातल्या लोकांना वाटायचं, काय माया आहे बाईची! पोटची पोर जाऊन दोन वर्षं झाली तरी जावयाच्या उशाशी बसून आहे. समोरच्या खाटेवरचा म्हातारा तर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "ही बघा सासू. असली सासू मिळायला नशीब लागतंय."

बयाबाई नुसती ऐकायची. तिला वाटायचं, प्रत्येक बुडबुड्याबरोबर बाळासोचा थोडा थोडा जीव बाटलीत उतरतोय. ती त्याला मरताना बघायला आली होती. नृसिंहवाडीजवळच्या आपल्या खेड्यातून कोल्हापूरला, शाहूपुरीतल्या या दवाखान्यात ती आली ती एवढ्यासाठीच, आणि हे सांगायला मला काही संकोच वाटत नाही, कारण तिलाही वाटत नव्हता.

तिची थोरली लेक चिमणाबाई कोडोलीला बाळासोला दिली होती. घर खातंपितं, उसाचं रान, स्वतःचं गुऱ्हाळ. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, तिला आणायचा दिवसही ठरला होता. पण त्याआधीच, ऐन गुऱ्हाळाच्या हंगामात, आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मूल आडवं. सुईण धोंडुबाईनं हात टेकले आणि कोल्हापूरला न्या म्हणाली. गाडी काही जुंपली गेली नाही. पोटातल्या लेकरासकट चिमणा गेली. बयाबाई पोचली तेव्हा सरणही विझलं होतं.

"मी गाडी जुंपतो म्हणत हुतो," बाळासोनं सगळ्यांना सांगितलं. "तिनंच न्हाय म्हटलं. परक्या पुरुषाचा हात लावून घ्यायची न्हाय म्हणाली. लई हेकट वो." आणि लोकांना ते पटलं. हळूहळू कोडोलीतल्या बायका पोटुशा पोरींना बजावू लागल्या, चिमणासारखा हट्ट करू नगंस बाई. मेलेल्या पोरीच्या नावाचा असा दाखला झाला.

तेराव्याला धोंडुबाईनं बयाबाईला गोठ्यामागं नेऊन खरं काय ते सांगितलं. बैलांच्या दोन्ही जोड्या उसाच्या चरकाला होत्या. रस काहिलीत, त्या थोरल्या कढईत, उकळत होता आणि काहिल अजून पुरती भरायची होती. बैल सोडले असते तर गुळाचं ते अख्खं आदण, काहिलभर रस, वाया गेलं असतं. बाळासो म्हणाला, एवढं आदण उतरूंदे, मग बघू. ते उतरलं, तोवर दुसरं चढलं होतं. आणि पोरगी आत गाडी गाडी म्हणून ओरडत होती. "माझं नाव घेऊ नगा," धोंडुबाई म्हणाली. "मला ह्याच गावात ऱ्हायाचं हाय."

बयाबाईनं नवऱ्याला सांगितलं. गुंडू म्हणाला, "सुईणीचं काय ऐकतीस? आपली चूक झाकाय बोलत आसंल." त्या दिवसापासून बयाबाईच्या छातीत एक निखारा होता, आणि त्यावर राख म्हणून धरली नाही.

पुढं तर कहर झाला. बाळासोचा चुलता हंबीरराव आला आणि धाकट्या अंबूला मागणी घालून गेला. सोयरीक तुटू नये, थोरलीच्या जागी धाकटी जावी, ही आपल्याकडची रीतच. गुंडूनं बयाबाईला न विचारता सुपारी फोडली. बयाबाई ओरडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. "बिचाऱ्याचा काय दोष?" एवढंच तिला ऐकायला मिळालं. चिमणानंच नाही म्हटलं होतं ना!

आणि मग एके दिवशी गुळाच्या ढेपा गाडीत चढवताना बाळासोच्या छातीत कळ आली आणि तो जागच्या जागी बसला. श्वास घेता येईना. आता ऐका, त्या दिवशी चरकाचे बैल एका दमात सुटले. काहिलीतलं आदण करपून कोळसा झालं, त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

बाळासोच्या घरात बाईमाणूस उरलं नव्हतं, आणि भाऊबंद क्षयाच्या भीतीनं लांब लांब राहत होते. डॉक्टरांनी हा क्षय नव्हे म्हणून सांगितलं तरी कुणाचा विश्वास बसेना. हंबीरराव बयाबाईकडं आला. "ईहीणबाई, तुमचाच जावय हाय की..." त्याचं बोलणं संपायच्या आत बयाबाईनं लुगड्याचं गाठोडं बांधलं होतं. हा मेला की अंबू सुटली. तिला दुसरं काही नको होतं.

दवाखान्यातले डॉक्टर त्र्यंबकराव तरुण, किडकिडीत आणि तापट होते. काम मन लावून करायचे, पण खेड्यातल्या नातेवाइकांपुढं त्यांचा पारा चढायला वेळ लागत नसे. एका गुरुवारी तर त्यांनी सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. झालं असं, की गुंडूनं वाडीहून दत्ताचा अंगारा पाठवला होता. हंबीररावानं तो बाळासोच्या कपाळाला लावला, छातीला लावला, आणि जीव जिच्यावर अवलंबून आहे त्या बाटलीलाही लावला. मग त्याच्या लक्षात आलं, अरे, देवाचा अंगारा लागलेली वस्तू जमिनीवर, माणसाच्या पायाशी कशी ठेवायची? त्यानं बाटली दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि उशालगतच्या उंच फळीवर नेऊन ठेवली. वर हात जोडले.

बाटलीतलं पाणी नळीतून खाली, बाळासोच्या छातीकडं सरकू लागलं. बयाबाईला ते दिसलं. याचा अर्थ तिला कळला नाही, पण बाळासोचे डोळे पांढरे होताना तिनं बघितले, आणि ती जागची हलली नाही. तेवढ्यात कालिंदी नर्स किंचाळत आली, नळी चिमटीत धरली आणि बाटली खाली घेतली. मागोमाग डॉक्टर.

"अक्कल आहे का काही? हे पाणी छातीत गेलं असतं म्हणजे? बाटली छातीच्या खाली. कायम खाली. देव कोपला तरी खाली!" हंबीररावासारखा ताठ मिशांचा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा मान घालून उभा राहिला. मग डॉक्टर बयाबाईकडं वळले. सगळे घाबरून इकडंतिकडं पळत असताना ही एकटीच शांत बसली होती, हे त्यांनी पाहिलं होतं. "मावशी, आजपासून या बाटलीची राखण तुमच्याकडं. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

जिनं मरणाची वाट बघायची तिच्याच हातात डॉक्टरांनी मरण सोपवलं. बाटली उचलून फळीवर ठेवणं, बस, एवढंच काम. बयाबाईनं त्यावर खूप विचार केला. पण असा चुकून मेला तर काय? कोडोलीच्या बायका छाती पिटतील, बिचारा बायकोमागं गेला म्हणतील, आणि चिमणा जन्माची हेकट ती हेकटच राहील. तिनं बाटलीला हात लावला नाही.

तीन आठवडे उलटले तरी बुडबुडे थांबेनात. बाळासो वाळून काटकी झाला. शेवटी डॉक्टरांनी बयाबाईला, हंबीररावाला आणि गावाहून आलेल्या गुंडूला समोर बसवलं.

"त्याच्या फुप्फुसाला भोक पडलंय. हवा त्यातून छातीच्या पोकळीत निसटते आणि नळीतून बाटलीत येते. आपलं आपण बुजेल म्हणून वाट पाहिली. बुजत नाही. आता चांदीपासून केलेलं एक औषध नळीवाटे आत सोडायचं. ते फुप्फुसाला वरून भाजतं, छातीला आतून भाजतं. दोन्हीकडं चुरचुरून आलं की दोन्ही एकमेकांना चिकटतात. मग हवेला निसटायला जागाच राहत नाही."

"जळंल का वो लई?" बयाबाईनं विचारलं.

"खूप जळेल. गुंगीचं इंजेक्शन देऊ, तरीही जळेल. आणि ओरडतोय म्हणून त्याला पडू द्यायचं नाही. डावी कूस, उजवी कूस, पालथा, उताणा, सारखं फिरवत राहायचं, म्हणजे औषध सगळीकडं लागेल. एका अंगावर पडून राहिला तर ते तळाला साचेल आणि भोक राहील तसंच. हे दुसऱ्यांदा सोसायची ताकद त्याच्यात उरलेली नाही. जे व्हायचं ते एकदाच."

हंबीरराव म्हणाला, मला बघवायचं न्हाय. गुंडू म्हणाला, मलाबी. बयाबाई म्हणाली, "मी फिरवती." डॉक्टरांचे डोळे भरून आले, आणि बयाबाईच्या मनाला कितीतरी दिवसांनी गार वाटलं. जळेल, खूप जळेल. हे शब्द ती मनातल्या मनात घोळवत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषध आत गेलं. हंबीरराव आणि गुंडू वॉर्डाच्या दारातच उभे राहिले. ते बाहेर येऊ नये आणि हवा मात्र कोंडू नये म्हणून डॉक्टरांनी नळीचा वेढा उंच खिळ्यावर टांगला आणि बाटली खालीच ठेवली. सुरुवातीला बाळासो नुसता कण्हला. मग त्याचा चेहरा वाकडा झाला, आणि मग तो असा ओरडला की समोरच्या म्हाताऱ्यानं कानावर हात ठेवले. कालिंदी आणि बयाबाईनं मिळून त्याला डाव्या कुशीवर घेतलं, मग उजव्या. तोच खालून हाक आली. कालिंदी म्हणाली, "मावशी, तुम्ही फिरवत राहा. मी सांगितलं तसं. खाली एक बाई अडलीय, मला जायला हवं." कुणीतरी कुणाच्या तरी लेकीला वेळेवर आणलं होतं म्हणायचं.

बयाबाईनं पदर खोचला. बाळासोच्या खांद्याखाली एक हात, कमरेखाली एक हात. शेतात राबलेले हात ते, आणि तो आता उसाच्या पाचटाएवढा हलका. तिनं त्याला पालथा केला. तो ओरडला. ती थांबली, आणि वेळ झाल्यावर पुन्हा फिरवला. एकही कूस तिनं चुकवली नाही. तो घामानं निथळत होता आणि ती त्याच्या तोंडाकडं डोळे भरून बघत होती.

"मामी, पाया पडतो," तो सासूला म्हणाला. "आता फिरवू नगासा. आत निखारं वतल्यागत झालंय वो."

जावयाला ती कधी अरेतुरे करत नसे. आता तिच्या तोंडून आपोआप निघालं. "न्हाय फिरवत. मला एक सांग. चिमणानं खरंच न्हाय म्हटलंतं?"

बाळासोनं मान फिरवली. बयाबाईनं त्याला उजव्या कुशीवर टाकला. त्याच्या घशातून नुसता घरघर आवाज आला.

"खरं सांग. सांगिटलंस तर मी तुला हात लावायची न्हाय. पडून ऱ्हा निवांत. वाडीच्या दत्ताची आण."

"मामी..."

"मोठ्यानं. दारात तुझा चुलता हाय, सासरा हाय. त्यांच्या कानावर जाऊंदे."

आणि बाळासो बोलला. रडत, श्वास तोडत, पण वॉर्डाच्या पार टोकाला ऐकू जाईल एवढ्यानं बोलला. "ती गाडी गाडी म्हणत हुती. माझं पाय धरलं तिनं. मी म्हटलं, आदण उतरूंदे. बैल मीच सोडलं न्हाईत. ती न्हाय म्हणाली न्हाय, मामी. मीच न्हाय म्हटलो. तिच्या नावावर मी खोटं बोललो."

दारात गुंडू खाली बसला. हंबीरराव भिंतीला चिकटला. समोरच्या म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

बाळासोनं डोळे मिटले. "सांगिटलं. आता पडू द्या."

आता बयाबाईला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसायचं. आण तर घातलेलीच होती, आणि ती पाळली की औषध तळाला साचणार, भोक तसंच राहणार, हा मरणार. तिनं हात मांडीवर घेतले. कुणी तिला बोल लावला नसता. देवसुद्धा लावू शकला नसता.

पण ती कोडोलीच्या लोकांना ओळखून होती. हा मेला तर महिन्याभरात हे सगळं पुसलं जाईल. मरणाच्या तापात बडबडला हो, म्हणतील. मेलेल्या माणसाला कोण वाईट म्हणतं? वाईट म्हणून घ्यायला एकटी चिमणाच होती. आणि हा जगला तर? पारावर बसेल, विहिरीवरून जाईल, गुऱ्हाळाशी उभा राहील, आणि जाईल तिथं लोक त्याच्या तोंडाकडं बघतील. मरण म्हणजे सुटका. ती त्याला कशाला द्यायची?

ती उठली आणि त्याच्या खांद्याखाली हात घातला.

"मामी! आण घातलीती की!"

"व्हय, घातलीती. मोडली. तू माझ्या पोरीवर खोटं बोललास, मी तुझ्यासंगं खोटं बोलले. हो पालथा."

कालिंदी परत आली तेव्हाही बयाबाई त्याला फिरवतच होती. कुणाला वाटेल, शेवटी आईचं काळीज, विरघळलं असेल. मुळीच नाही. तो किंचाळला की तिला बरं वाटत होतं, आणि तरीही, किंवा म्हणूनच म्हणा, तिनं त्याला इतका चोख फिरवला की मायेच्या माणसाच्यानं तेवढं झालं नसतं. मायेच्या माणसाचा हात कुठंतरी अडखळला असता.

बाळासोला सणकून ताप आला. तो उतरला. बुडबुडे आधी विरळ झाले, मग खोकल्यावरच येऊ लागले, आणि मग खोकल्यावरही येईनात. डॉक्टर चार दिवस वाकवाकून बाटली बघत होते. छातीचा फोटो काढला, तो उजेडासमोर धरून स्वतःशीच हसले. नळी निघाली. बाळासो भिंतीला धरून चालू लागला. बयाबाईशी तो एक शब्द बोलत नव्हता, तीही बोलत नव्हती.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांदेखत तिला हात जोडले. "मी औषध दिलं, पण हा वाचला या माउलीमुळं. असं चिकटलेलं फुप्फुस मी शिकत असताना मुंबईतही पाहिलं नाही. स्वतःचं दुःख बाजूला ठेवून अशी सेवा कुणी करत नाही."

हंबीररावाला तेवढंच हवं होतं. इतके दिवस मिटलेलं त्याचं तोंड उघडलं. "तेच म्हंतो मी, डॉक्टर. ईहीणबाईंनी सगळं पोटात घातलं. पोराच्या हातनं चूक झाली, व्हय, झाली. पर आईनंच माफ केल्यावर आमी कोण बोलणार? गावात बी मी तसंच सांगणार. काय गुंडूराव? झालं गेलं हितंच सोडू, आणि अंबूचं तेवढं अक्षय्य तृतीयेला उरकून घेऊ."

गुंडूनं खाली बघितलं. त्यानं स्वतःच्या कानांनी सगळं ऐकलं होतं, आणि तरी तो नाही म्हणाला नाही. दिलेल्या शब्दाचं ओझं त्याला मेलेल्या लेकीपेक्षा जड झालं असावं.

 बयाबाईनं त्याला जगवलं, आणि ह्या लोकांनी त्या जगवण्यालाच माफी ठरवून टाकलं. तिच्याच हातानं धुऊन काढला त्याला. ज्या सेवेला डॉक्टर हात जोडत होते तीच आता अंबूला कोडोलीच्या घरात ढकलणार होती. तिला माउली म्हणवून घेणं परवडणारं नव्हतं.

"हात खाली घ्या, डॉक्टर," ती म्हणाली. "मी सेवा केली न्हाय. तुमी म्हटलासा, जळतंय. म्हणून मी फिरवला. जास्त जळावं म्हणून एक बी कूस सोडली न्हाय. त्यो वरडला की मला आनंद हुईत हुता. बाटली फळीवर गेली तवा बी मी बघत बसलेली. मरूंदे म्हणून बसलेली. इचारा त्याला, त्याला ठावं हाय."

डॉक्टरांचे जोडलेले हात हळूच सुटले. कालिंदीनं पदर तोंडाला लावला. ज्या म्हाताऱ्यानं महिनाभर तिचे गोडवे गायले होते तो तिच्याकडं भूत बघावं तसा बघत राहिला. एका क्षणात तिचं सगळं नाव गेलं, आणि तिनं ते जाऊ दिलं.

"खरं हाय," बाळासो म्हणाला. त्याचा आवाज बारीक होता, पण श्वास कुठं अडखळत नव्हता. "मामीनी माफ केल्यालं न्हाय."

"मग जगवलासा कशापायी?" हंबीरराव खेकसला.

"मेला आसता तर तुमी त्याला देव केला आसता," बयाबाई म्हणाली. "आता त्यो जगणार. माझ्या चिमणानं न्हाय म्हटलं न्हवतं, हे त्यानं सोताच्या तोंडानं गावात सांगायचं. पारावर सांगायचं, बायकांच्यात बी सांगायचं. न्हाय सांगिटलं तर मी येईन कोडोलीला आणि चावडीम्होरं बसंन. आणि बयाबाईनं माफ केलं म्हणून कोण बोलला, तर त्याच्या दारात बसंन. अंबू तुमच्यात येणार न्हाय. अंबूला म्हातारी हुस्तवर घरात ठेवीन."

बाळासो तिच्या पायाशी वाकायला लागला. तिनं पाय मागं घेतले. "वाकू नगंस. टाकं दुखतील," ती म्हणाली, आणि त्यातही माया नव्हती.

सूड घेऊन मन निवत नाही, असं शहाणी माणसं सांगत असतात. असेल त्यांचं तसं. बयाबाईचं निवलं. जिना उतरताना तिला चिमणाची आठवण आली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती रडली, चांगली कठड्याला धरून रडली, पण त्यात पस्तावा म्हणून तिळभर नव्हता.

गुंडू मागून गाठोडं घेऊन आला. बायकोच्या जवळ जायला तो भीत होता. दोन पायऱ्या वर थांबून तो म्हणाला, "घरी गेल्यावर अंबूला काय सांगायचं?"

बयाबाईनं पदरानं डोळे पुसले. "लगीन मोडलं म्हणून सांगा. सुपारी तुमी फोडलीती, तुमीच सांगा."

"बरं."

"आणि गाडीला न्हाय कोण म्हटलं हुतं, ते बी तुमीच सांगायचं. मी दोन वर्सं सांगत हुते."

 गाठोडं छातीशी धरून गुंडू तिच्यामागं एस. टी.च्या रस्त्याला लागला.